कॅलेंडरातली ईद

जेद्दाच्या पासपोर्ट कार्यालयात एकोणीस खुर्च्या, एकतीस माणसं आणि एकच उघडी खिडकी होती. फलकावर सेहेचाळीस नंबर होता. जेद्दातच वाढलेल्या, नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या सुफियानच्या शेजारी एक मराठी जोडपं बसलं होतं. त्यांचा नंबर बावन्न.

"अहो, उद्यापासून ईदची सुट्टी. दहा दिवस!"

"कॅलेंडरात एकच दिवस लाल आहे, अर्चना."

"ते कॅलेंडर सोलापूरच्या वाण्यानं दिलंय. त्याला विचारून हे ऑफिस बंद होतं का?"

"मला काय स्वप्न पडणार होतं?"

"तुमच्या ऑफिसातल्या फैसलनं सांगितलं होतं ना?"

"तो? आमच्या नायरला नोकरीवरून काढून त्याच्या जागी बसवलेला सौदी! त्याला कागद उलटा की सुलटा ते कळत नाही."

"सुट्टी कधी ते कळतं. आईचा व्हिसा रविवारी संपतोय आणि मला नववा लागलाय. बाळंतपण तुम्ही करणार?"

"हळू बोल."

"इथे मराठी कुणाला कळतंय!"

घरी मराठीच बोलणाऱ्या सुफियाननं मान खाली घातली.

सत्तेचाळीस नंबरचं काम झालं आणि खिडकी बंद झाली.

"झालं समाधान? करा आता त्याच फैसलला फोन."

"त्याचे मेसेज येऊन पडलेत. सगळे अरबीत. कोण वाचत बसतंय!"

"मी वाचतो, वहिनी," सुफियान म्हणाला.

अर्चनानं नवऱ्याच्या हातातला फोन काढून त्याला दिला.

"तुमच्या सासूबाईंचा व्हिसा मी ऑफिसातून वाढवून घेतला आहे," त्यानं वाचलं. "नव्वद दिवस."

मेसेज मागच्या बुधवारचा होता, सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटांचा.