खिंडीतली प्रश्नोत्तरी

चकव्याच्या कथा महाराष्ट्रात सर्वत्र सांगितल्या जातात आणि त्यांचा सांगाडा फारसा बदलत नाही. रात्रीचा वाटसरू निघतो, ओळखीची वाट अनोळखी होते, तो पुनःपुन्हा एकाच दगडापाशी येतो, आणि उजाडल्यावर त्याला कळते की आपण रात्रभर एकाच शेताला फेऱ्या घातल्या. बचावाचे उपायही ठरलेले आहेत: अंगरखा उलटा करून घालावा, विडी पेटवावी, किंवा जागच्या जागी बसून राहावे. प्रवरा आणि गोदावरी यांच्यामधल्या पट्ट्यातील ख्रिस्ती वस्त्यांत ही कथा एका उपदेशकाच्या नावावर रूढ आहे. तिची सहा रूपे मला मिळाली. त्यांपैकी पाचांत अंगरख्याची जागा प्रभूच्या नावाने घेतलेली आहे. उपदेशक भुतावर मात करतो, कोंबडा आरवतो, आणि निवेदक ‘त्या खिंडीने जाऊ नका’ असे बजावून थांबतो. या पाच रूपांतील वाक्येसुद्धा एकमेकांशी जुळतात. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक मेळाव्यात दिलेल्या एकाच साक्षीपासून ती निघाली असावीत, असे मानायला जागा आहे.

सहावे रूप हिवरदरा येथील मार्थाबाई वैरागर यांचे. वय त्र्याऐंशी, निवृत्त शिक्षिका. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात ख्रिस्ती देवळापुढच्या शेकोटीभोवती त्यांनी ते घरच्यांना व शेजाऱ्यांना सांगितले. कोंबडा आरवल्यावर हे रूप थांबत नाही, म्हणून ते येथे पूर्ण देत आहे.

*

ऐका. आणि मध्ये ‘मग? मग?’ करू नका. मग आपोआप येतं.

शांतवन मास्तर. उमापांचे. उंच, काटकुळे, डोक्याला फेटा आणि काखेत पुस्तक. कुसळगावच्या मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी आसपासच्या वाड्यांवर उपदेश करायचे. पाळक नव्हते ते, हे ध्यानात ठेवा. प्रभुभोजन देणं, म्हणजे आशीर्वादाची भाकर वाटणं, पाळकसाहेबांचं काम. मास्तरांचं काम शिकवणं. आणि शिकवायचे कसे? धर्माच्या प्रश्नोत्तरीचे चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं. एक उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. गाय व्यायली असू दे, पाऊस येऊ दे, मूल रडू दे. पुन्हा पहिल्यापासून. चुकलेलं उत्तर सोडून मास्तर कधी उठले नाहीत.

माझी आजी राहीबाई, इथं हिवरदऱ्याला. आणि आजी होती मंडळीबाहेर. का? माझ्यापायी.

मी वर्षाची होते. तापानं फणफणले, डोळे फिरवले. आजी घाबरली. रात्री देवऋष्याकडे गेली. त्यानं सांगितलं तसं भात, लिंबू आणि अंडं माझ्यावरून ओवाळलं आणि तिवाट्यावर ठेवून आली. उतारा. मी जगले. आणि रविवारी मास्तरांनी भर उपासनेत तिचं नाव वाचलं. म्हणाले, ज्याला भुताचं भय प्रभूपेक्षा मोठं वाटतं, त्याला प्रभूच्या मेजावर जागा नाही.

“एवढ्यासाठी, आजी?” (हा प्रश्न नातू अशेर याचा.)

एवढंसं तुला वाटतं. तू दवाखान्यात जन्मलास. तेव्हा माणसं नुकती जुन्या देवांच्या भयातून बाहेर आली होती. एकानं मागं पाहिलं की दहा मागं जायची. मास्तरांचं चूक होतं, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की आठ वर्षं आजी दर रविवारी आली. दारापाशी, चपलांजवळ बसली. भाकरीचं ताट तिच्यापर्यंत यायचं आणि मागं फिरायचं. आठ वर्षं.

आणि मंडळीबाहेरच्या माणसाला आपल्या दफनभूमीत जागा नाही. कुंपणाच्या आत नाही. हाही नियम मास्तरांनीच शिकवलेला.

तर ऐका. आजी आजारी पडली. अन्न सुटलं, पाय गार पडायला लागले. माझा बाप केरबा उशाशी बसलेला. आजी एकच बोलायची. “केरबा, भाकर मिळंल का रं? मला माझ्या माणसाशेजारी ठेव. बाहेर नको ठेवू.” माझे आजोबा आत होते, कुंपणाच्या आत, सीताफळीखाली. बापानं टपालवाल्याबरोबर कुसळगावला निरोप धाडला.

पाळकसाहेब तेव्हा अंथरुणाला खिळलेले. पाय सुजून हा एवढा. निरोप ऐकला आणि म्हणाले, “शांतवन, आठ वर्षं फार झाली. उशीर माझ्याकडूनच झाला.” आणि त्यांनी रीत मोडली. अंथरुणात बसून भाकरीवर आशीर्वाद मागितला, तुकडा पांढऱ्या फडक्यात बांधला, मास्तरांच्या हातात दिला. म्हणाले, “हा तिच्या तोंडात घाल. घास गिळला की ती मंडळीत आली. ती रात्र काढायची नाही. वाटेत थांबू नकोस.”

काय म्हणाले? थांबू नकोस.

गाडीरस्ता चार कोस, खिंड दीड कोस. मास्तर खिंडीनं निघाले. एका हातात कंदील, छातीशी भाकरीची पिशवी. दिवेलागण होऊन गेलेली. अमावास्या दोन दिवसांवर.

खिंडीच्या तोंडाशी चुन्यानं रंगवलेला एक पांढरा दगड होता, हद्दीचा. मास्तरांनी तो मागं टाकला. चालले, चालले. पुढं पाहतात तर पांढरा दगड. बरं, म्हणाले, दोन असतील. चालले. पुन्हा पांढरा दगड. आता वारा नव्हता, तरी कंदील विझला. मागून पावलं यायला लागली. मास्तर चालले की पावलं चालायची. मास्तर थबकले की पावलं एक जास्त टाकून थबकायची. एकच जास्त. म्हणजे दर वेळी एका पावलानं जवळ.

मास्तर घामानं भिजले. तरी त्यांनी स्तोत्र धरलं. आवाज फाटला, चाल चुकली, पण पाय नाही थांबवले. म्हणत राहिले, चालत राहिले. तिसऱ्या कडव्याला पावलं मागं पडली. पांढरा दगड पुन्हा दिसला नाही.

मास्तरांनी भय जिंकलं. बरोबर? आजीला जे जमलं नाही ते मास्तरांना जमलं. हे त्यांच्याही मनात आलं. आलंच. त्यांनीच मला सांगितलं.

पुढं खिंडीच्या मध्यावर चूल पेटलेली. चुलीशी बाई. गरम भाकरीचा वास, पिठल्याचा वास. मास्तर सकाळपासून उपाशी, उपास होता त्यांचा. बाईनं मान वर केली, तर ती एलीशबा. त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली.

“किती वाळलात हो,” ती म्हणाली. “कोण करून घालतं तुम्हाला? दोन घास खा. मग जा. मी काय धरून ठेवते का?”

“आई गं,” सूनबाई सुहासिनी म्हणाली.

हं. तुला इथंच कळलं. मास्तर रडले. रडत रडत चालले. तिच्याकडं पाहिलं नाही, बोलले नाहीत. “बोला तरी,” ती मागून म्हणाली. ते बोलले नाहीत. चूल विझली.

भय जिंकलं, भूक जिंकली, माया जिंकली. आता खिंड संपत आली. खाली हिवरदऱ्यात एकच दिवा दिसत होता. आमचा. आजी तेव्हा शुद्धीत होती. मी तिच्या पायाशी बसले होते, नऊ वर्षांची. ती विचारत होती, “कुणी येतंय का, पोरी?” मी दारात जाऊन यायची आणि सांगायची, “नाही, आजी.”

आता ऐका.

वाटेच्या कडेला काहीतरी बसलेलं. लहानसं. हडकलेलं. गुडघ्यांत डोकं घातलेलं. म्हणालं, “मास्तर, तुम्ही जिंकलात.”

मास्तर चालतच होते.

“दोनशे वर्षं मी या वाटेवर आहे. देवऋषी आले, मांत्रिक आले. सगळे मला घाबरले, नाही तर मला नारळ देऊन गेले. तुमच्यासारखा नाही पाहिला. मास्तर, मला तुमच्या प्रभूचं नाव शिकवा. मला सोडवा.”

आणि मास्तर थांबले.

“भुतानं असं मागितलं?” अशेर हसला. “म्हणजे बाप्तिस्माच मागितला की.”

बाप्तिस्माच मागितला. हस तू. पण मास्तरांच्या जागी उभा राहा. पुढच्याच महिन्यात मेळावा. चाळीस गावची मंडळी. दर वर्षी कुणी उठतो, साक्ष देतो: माझं दुखणं बरं झालं, माझी दारू सुटली. आणि इथं खिंडीतलं भूत गुडघे टेकून नाव मागतंय. मास्तर मला म्हणाले, “मार्था, मला त्या क्षणी मांडवातली माणसं दिसली गं. सगळी उठून उभी राहिलेली.”

खाली दिवा दिसत होता. त्यांनी पाहिलाही. म्हणाले, एका घटकेचं काम आहे.

भुताला म्हणाले, “आधी प्रश्नोत्तरी. उत्तरं आली पाहिजेत.”

“शिकवा, मास्तर.”

“तुला कुणी निर्माण केलं?” “देवानं.” “कशासाठी?” “त्याची सेवा करण्यासाठी.” भूत हुशार. एकदा सांगितलं की पाठ. मास्तरांना असा विद्यार्थी जन्मात मिळाला नव्हता. एकोणचाळीस प्रश्न घडाघडा. चाळिसावा प्रश्न: तुझा शेजारी कोण?

भूत म्हणालं, “खिंडीच्या वरच्या अंगाला एक मुंजा राहतो, तो.”

“चूक,” मास्तर म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून.”

पुन्हा पहिल्यापासून. एकोणचाळीस बरोबर. तुझा शेजारी कोण? “ज्याच्या बांधाला माझा बांध लागतो तो.” चूक. पुन्हा पहिल्यापासून. तुझा शेजारी कोण? “माझ्या जातीचा तो.” चूक, चूक. मास्तरांनी फेटा काढून ठेवला, बाह्या वर केल्या. पिशवी बाजूच्या दगडावर ठेवली. पुन्हा पहिल्यापासून.

पूर्वी चकवा माणसाला वाटेवर फिरवायचा. यांना त्यानं प्रश्नांवर फिरवलं. पाय जागचे हलले नाहीत आणि रात्र गेली.

इथं आजीनं दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग विचारायची थांबली. फक्त ओठ हलायचे. बापानं पाण्याचा थेंब सोडला, तो बाहेर आला.

तिकडं पूर्व फटफटली. हिवरदऱ्यात पहिला कोंबडा आरवला. मास्तरांनी विचारलं, “तुझा शेजारी कोण?”

भुतानं मान वर केली. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. म्हणालं, “ज्याला या घटकेला माझी गरज आहे, तो.”

“बरोबर,” मास्तर म्हणाले. सवयीनं.

“पाठ झालं, मास्तर,” भूत म्हणालं. “आता तुम्ही जा.”

आणि ते नव्हतं. उजेड झाला तेव्हा मास्तरांनी पायाखाली पाहिलं. ते कड्याच्या टोकावर उभे होते. टाचा दगडावर, चवडे अधांतरी. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर खाली ओढ्यात. मास्तर मागं सरकले, गुडघ्यांवर पडले, देवाचे आभार मानले.

मेळाव्यातली साक्ष इथं संपते. तुम्हीही लहानपणी ऐकलीत. मांडवातली माणसं खरंच उठून उभी राहिली होती. आणि तेव्हापासून आयाबाया सांगतात, खिंडीनं जाऊ नका.

मी सांगते, खुशाल जा. चाळीस वर्षं मी त्या वाटेनं शाळेला गेले. वाट वाईट नाही. भिऊन थांबू नका, भुकेनं थांबू नका, आणि जिंकायला तर मुळीच थांबू नका. हे मास्तरांनी मला सांगितलं, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. मेळाव्यात नाही सांगितलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

उन्हं लिंबाच्या शेंड्यावर आली तेव्हा मास्तर धावत आले. तोंडावर तेज होतं. अंगणातूनच म्हणाले, “केरबा, प्रभूनं मोठा विजय दिला.” मग त्यांना आजीचे पाय दिसले. अंगठे बांधलेले.

आई म्हणाली, “कोंबड्याच्या आधी गेल्या, मास्तर. दाराकडं बघत.”

मंडळीचे पंच जमले. बापानं पंचांचे पाय धरले. “आत घ्या. भाकर निघाली होती तिच्यासाठी. वाटेत होती.” पंचांतले जखऱ्या बोर्डे म्हणाले, “निघाली होती, पोचली नाही. तोंडात घास गेला का? नाही ना. मास्तर, तुम्हीच सांगा. नियम तुम्हीच शिकवलात.”

सगळे मास्तरांकडं पाहत होते. मास्तरांना चाळीसही उत्तरं येत होती. त्यांनी खाली पाहिलं.

दुपारी आजीला कुंपणाच्या बाहेर पुरलं, बाभळीखाली. आतली सीताफळी तिथून दिसते. मास्तरांनी प्रार्थना केली, लहानशी.

माणसं पांगली. मास्तर आमच्या ओट्यावर बसले. आशीर्वाद मागितलेली भाकर टाकता येत नाही, परत नेता येत नाही. मी उंबऱ्यात उभी होते. त्यांनी हात धुतले, पिशवी उघडली, फडक्याची गाठ सोडली, आणि तो तुकडा एकट्यानं खाल्ला.