पेटीतली बाई

नाही नाही, दादा, झाकण उघडायचं तर माझ्यासमोर उघडा — मागे एक जण मिक्सर दुरुस्त करायला आला, तो चांगली मोटार काढून जुनी बसवून गेला — तुम्ही तसले नसाल, पण मी इथेच बसते बाळाला घेऊन. काय? पाचही स्पीकर ठीक? वायरीही? खरखर नाहीच? मग नसेल. फोनवर मी खरखर म्हटलं खरं — दुसरं काय सांगणार, तुमच्या दुकानात चार माणसं ऐकतात.

आता खरं सांगते. ही पेटी मधूनच बोलते. आतली बाई — 'कनेक्टेड' म्हणते, कोणाचा फोन जोडला गेला की म्हणते तेच. माझा फोन तर कधी जोडलाच नाही, कपाटात असतो. ह्यांचा ह्यांच्याबरोबर, बोटीवर. मग लागतो कोणाचा? गल्लीतून जाणाऱ्या कोणाचाही लागेल का? नाही? म्हणजे आधी एकदा इथेच, ह्या खोलीत जोडलेला असला तरच आपोआप लागतो? — नक्की ना? मी आपली सातवी शिकलेली, म्हणून विचारते.

शेजारच्या प्राचीकडे बटणांचा फोन. सासूबाई नाहीत. आणि सेट आणला तेव्हा मी दिघीला, माहेरी, बाळंतपणाला — पाच महिने. हे म्हणाले, मीच बसवला, कोणाला हात लावू दिला नाही. बरं. ह्यांच्या जेवणाची काळजी नव्हती, माझी धाकटी बहीण क्रांती इथेच रेवदंड्यात दिलेली, मागच्या आळीत — ती डबा द्यायची. दारातूनच द्यायची. आत कशाला येईल? मी परत आले त्या दिवशी तर स्पीकर बघून केवढी हरखली — "अगं ताई, हे कधी आणलं?" — कधी आणलं म्हणे!

रोज येते ती, बाराच्या सुमाराला. बाळाला अंघोळ घालते. मला नाही जमत — हातातून निसटेल असं वाटतं, अंगणवाडीच्या बाईंसमोर रडले होते मी — तिच्या हातात कसा गप्प पडून राहतो. ती फाटकापाशी आली की ही बाई बोलते. मग पायरीवर चप्पल वाजते. आधी बाई, मग चप्पल. गेले अठरा दिवस एकदाही चुकलं नाही.

तोंड कशाला पाडता, दादा? मी कोणावर आळ घेतला? ह्यांनीच बोलावलं असेल तिला, बटणं कळत नव्हती म्हणून — असेल की. मग कधी आणलं कशाला विचारते?

काय म्हणता? हे बटण दाबून धरलं की जोडलेले सगळे फोन विसरते? आणि परत कधीच आठवत नाही? — नको! हात लावू नका. एवढी एकच खूण आहे माझ्याकडे. शनिवारी बोट लागली की ह्यांना समोर बसवीन आणि — आणि काय, दादा? पेटीला बोलायला लावू? मग क्रांतीला सांगू, उद्यापासून येऊ नको? मग ह्या बाळाला पाण्यात कोण धरेल?

ऐकलंत? — बोलली ना? तुमच्यासमोर बोलली! मला भास होत नाहीत ना?

दाबा. दाबा ते — फाटक वाजलं. अजून किती धरायचं? — पुसलं? सगळं?

ये गं क्रांती. पाणी कढत आहे, थंड घालून घे. हे? दुकानातले दादा. आवाज खरखरत होता.

झालं ना तुमचं काम? निघा मग. जा.