कापसावाल्या बाया आमच्या अंगणात

सुंदर आहे, सुंदर आहे... साऱ्यांलेच सुंदर वाटते हो! तुमच्या अंगणात येऊन पडलं असतं म्हणजे समजलं असतं! तुम्हाला सांगते, आमचे हे, श्रीधर मास्तर, शाळेत ड्रॉइंग शिकवतात. गिरणी कामगारांच्या जुन्या हॉलवर यांच्या विश्वनाथ गुरुजींनी काचेचे अन् फुटक्या कपबशांचे तुकडे जडवून भिंतभर कापूस वेचणाऱ्या बाया काढल्या होत्या, स्वातंत्र्याच्याही आधी. तो हॉल पाडायले निघाले, तर हे मजुरांपुढे आडवेच झाले! हॉलच्या कामावरचे साहेब धावत आले, "मास्तर, उठा! चित्र कापून काढू, नव्या हॉलवर लावू. तोवर तुमच्या अंगणात ठेवतो... आठ दिवसाची तर गोष्ट आहे, वहिनी!"

चित्राच्या कापलेल्या ट्रकभर लाद्या उतरवल्या! बाज टाकायले जागा नाही! नागपूरच्या मे महिन्यात माणसानं घरात झोपावं? आम्ही आत उकडून राहिलो अन् कापसावाल्या बाया बाहेर हवा खाऊन राहिल्या! मी यांले हॉलवर धाडलं. साहेब म्हणे, "प्लास्टर ओलं आहे, मास्तर. आठ दिवसाची तर गोष्ट आहे!" पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा धाडलं, तर साहेबच बदललेले! नवा म्हणे, "कोणतं चित्र? त्या भिंतीत तर आमचे कूलर बसले!"

मंग माह्यं डोकं फिरलं. म्हटलं, उद्या गाडी बोलावते अन् फेकून देते सारं! तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी आत आली. पार्वतीबाई, पहिले गिरणीत होती म्हणे. लाद्यांवरून हात फिरवत गेली अन् एका हिरव्या काचेपाशी थांबली. "हे माह्या बांगडीचं हाये वं, माय. गुरुजीले हिरवा रंग पुरत नव्हता... आम्ही साऱ्याजणींनी हातातल्या फोडून देल्ल्या. नवरा जिता असून! सासूनं किती मारलं होतं मले!" अन् हसली.

आता सांगा, काय फेकता? मीच यांले म्हटलं, "बांधा भिंत! रस्त्याकडे तोंड करून बांधा, दिसू द्या लोकांले!" हे इतके खूश झाले, इतके खूश, की बांधता बांधता फाटकच बुजवून टाकलं! म्हणे, "बायांच्या मधून फाटक काढू का?" झालं! आम्ही शेजारच्या प्रयागबाईच्या सांदीतून, तिच्या न्हाणीच्या पाण्यातून जाऊन-येऊन राहिलो. तिसरे साहेब पाहायले आले. "वा! माहितीचा बोर्ड लावून देतो. आठ दिवसाची तर गोष्ट आहे, वहिनी!"... पाहा, दिसते का कुठं बोर्ड?

काल मी झाडू घेऊन भिंतीपुढचा कचरा काढून राहिली होती, तर पुण्याची एक चष्मेवाली बाई मलेच विचारते, "मावशी, तुम्ही इथं कामाला आहात का?"

म्हटलं, "हो बाई. पगार नाही, पण नोकरी पक्की आहे!"