इस्लापूरचे उड्डाण आणि माझ्या हातची यादी

उपस्थित सर्व ज्येष्ठ, बिरादार कुटुंबीय आणि मित्रहो,

मी अरविंद गंगाधर कोटगिरवार. मूळचा देगलूरचा, सध्या राहणार नांदेड. वाणिज्य शाखेचा पदवीधर. गेली अकरा वर्षे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत खासगी हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी जमिनीवर जी व्यवस्था लागते, ती मी पाहतो. परवानगीचे अर्ज, शेताची सफाई, चुन्याने आखलेले वर्तुळ, पाण्याचा टँकर, अग्निशमनाची गाडी आणि प्रवाशांची यादी. कॅप्टन हणमंत बिरादार माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला आदरांजली वाहणे हा माझ्या बोलण्याचा एक हेतू आहे. दुसराही एक आहे. तो ओघात येईल.

माझ्या आधी तिघे बोलले. बोलणे अवघड जाते, असे तिघांनीही सांगितले. मलाही जाते, पण माझे कारण निराळे आहे. म्हणून मी लिहून आणले आहे आणि वाचून दाखवणार आहे. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्यावे.

सोळा दिवसांपूर्वी किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळ, कापूस निघालेल्या एका शेतातून हणमंतने हेलिकॉप्टर वर नेले. लग्न लागले होते. नवरा, नवरी आणि आणखी दोघे आत होते. त्यांना लातूरला पोहोचवायचे होते. मशीन घराच्या आढ्याएवढे वर गेले, पुढे झुकले, पुन्हा खाली आले, शेताच्या बांधाला धडकले आणि कलंडले. चौघेही प्रवासी वाचले. दोघांची हाडे मोडली आहेत, त्यांच्यावर नांदेडला उपचार चालू आहेत. हणमंत जागेवरच गेला.

आपल्यापैकी काहींनी म्हटले की गर्दी वाचवण्यासाठी त्याने मशीन मुद्दाम बांधाकडे वळवले. मित्रहो, मी तिथे होतो. तसे झाले असेल, नसेल. मला ते दिसले नाही. जे दिसले नाही ते मी सांगणार नाही. आज तरी नाही.

चौथ्या दिवशी हणमंतच्या कंपनीकडून त्याच्या घरी एक कागद आला. त्यावर लिहिले होते, चालकाचा अंदाज चुकल्याचे प्रथमदर्शनी दिसते. चौथ्या दिवशी. चौकशीचे अधिकारी तोवर शेतात पोहोचलेही नव्हते. मग प्रथमदर्शन कोणी घेतले? कुठून घेतले? मी कंपनीत फोन केला. उत्तर मिळाले, ती फक्त शक्यता आहे, मनावर घेऊ नका.

कागद हणमंतच्या पत्नी सुनंदावहिनींनी वाचला. त्याच्या आईंना वाचता येत नाही, त्यांना तो कोणीतरी वाचून दाखवला. मी भेटायला गेलो तेव्हा आई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला बस म्हटले नाही. एवढेच विचारले, "अरविंदा, माझा हणमंता चुकला म्हनतेत. चुकला का रं?"

मी म्हणालो, "आई, तपास चालू आहे."

त्या म्हणाल्या, "तपास त्यांचा चालू असंल. तू व्हतास नव्हं तिथं?"

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. ते द्यायचे आहे म्हणूनच आज उभा आहे.

हणमंत वीस वर्षे फौजेत वैमानिक होता. निवृत्तीनंतर खासगी कंपनीत लहान हेलिकॉप्टर चालवू लागला. लग्नसराईत इकडे आला की आम्ही देगलूरच्या बसस्थानकासमोर चहा घ्यायचो. तो मला नावाने हाक मारत नसे. बी.कॉम. म्हणे. त्याच्याकडून मी जे शिकलो ते आपणास थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

तो सांगे, फार पूर्वी लहान हेलिकॉप्टर पडायचे ते बहुधा इंजिनामुळे. इंजिने दुबळी होती. तेव्हाही उंची हाताशी असेल तर शिकलेला चालक बंद इंजिनावर मशीन उतरवू शके, कारण खाली येताना वाऱ्याने वरचा पंखा फिरत राहतो. पुढे इंजिने सुधारली. प्रशिक्षण सुधारले. प्रत्येक नियमामागे कुणाचा तरी अपघात आहे, असे तो म्हणे. मग अपघात थांबले का? थांबले नाहीत. कारणे बदलली. विजेच्या तारा, ज्या वरून दिसत नाहीत. धुके. उतरताना स्वतःच्याच पंख्याने उठलेली धूळ, जिच्यात जमीन दिसेनाशी होते. शेपटीच्या लहान पंख्यात गेलेले एखादे कापड. आणि ऊन. उन्हाने हवा विरळ होते. सकाळी जे वजन सहज उचलले जाते, तेच दुपारी उचलताना मशीनला धाप लागते.

मी एकदा म्हणालो, म्हणजे आता यंत्र कमी चुकते, माणूस जास्त चुकतो. तो हसला. म्हणाला, "बरोबर हाय. पण मानूस म्हंजे काय पायलट एकलाच हाय का? खाली उभं राहतेत ते कोन हायत मग?"

आता इस्लापूरला येतो.

हणमंतचा आग्रह होता, अकराच्या आत निघायचे. मुहूर्त साडेदहाचा होता. लग्न लागले बाराला. मग जेवणे, आहेर, फोटो. निघायला अडीच वाजले. मी चार वेळा घाई केली. मुलीचे काका मला म्हणाले, "आवो साहेब, एवढं हेलिकॉप्टर केलंय ते काय एसटी हाय व्हय, टायमावर सुटायला?" सगळे हसले. मीही हसलो.

मंडपापासून चुन्याच्या वर्तुळापर्यंत हिरवी मॅट अंथरली होती. ती काढा, असे मी सकाळीच सांगितले होते. काका म्हणाले, "लातूरचे पाव्हणे ढेकळातून चालणार का?" मॅट राहिली. कडेला दगड ठेवले, खिळे मारले नाहीत. आपल्याकडे पाहुण्याच्या पायाला माती लागणे हा यजमानाचा अपमान असतो. हेलिकॉप्टरचा वारा हे जाणत नाही.

मशीन वर जात असताना मॅटचे एक टोक उचललेले मी पाहिले. शेपटीकडे गेले का, ते सांगता येत नाही. धूळ होती. पण संध्याकाळी मी परत त्या जागी गेलो, तेव्हा मॅट नव्हती. पंचनाम्यात मॅटचा उल्लेख नाही. मंडपवाल्यांना विचारले. ते म्हणाले, "मॅट? मॅट न्हवतीच साहेब. सतरंजी व्हती, मंडपात." मित्रहो, लग्नाच्या चित्रफितीत मॅट दिसते. हिरवीगार दिसते. मग ती गेली कुठे? कोणी गुंडाळली? कोणाच्या सांगण्यावरून? मंडपवाले आज या सभागृहात आले आहेत. ते आले याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माझा प्रश्न मात्र कायम आहे.

आणखी एक. सहाव्या दिवशी कंपनीतून फोन आला. "कोटगिरवार साहेब, प्रवाशांची यादी एकदा नीट करून पाठवा." मी विचारले, नीट म्हणजे? ते म्हणाले, "म्हणजे स्वच्छ अक्षरात." माझे अक्षर, मित्रहो, शाळेपासून स्वच्छ आहे. फळ्यावर सुविचार लिहायचे काम माझ्याकडे असे.

तेव्हापासून मी संशयाने पाहू लागलो. कंपनीकडे. मंडपवाल्यांकडे. मुलीच्या काकांकडे. चित्रफीत मी किमान तीस वेळा पाहिली. कोण कुठे उभे होते, मॅटच्या बाजूने कोण गेले, सगळे वहीत उतरवून काढले. इस्लापूरला तीनदा जाऊन आलो. माझी पत्नी म्हणाली, "तुम्ही मॅटच शोधून राहिलात सारखी. दुसरं काही शोधायचं नाही का तुम्हाला?"

तिने सहज विचारले होते. मी त्या दिवशी जेवलो नाही.

मित्रहो, मॅट सापडली असती तर यादी कोणी मागितली नसती. मी मॅट यासाठी शोधत होतो. हे मला कळायला दहा दिवस लागले.

यादीची हकीकत अशी आहे. यादीत नाव, वय आणि वजन लिहायचे असते. आपल्या भागात माणसाला वजन विचारणे बरे दिसत नाही, म्हणून पूर्वी मी सगळ्यांपुढे सत्तर लिहीत असे. एकदा हणमंतने यादी पाहिली आणि म्हणाला, "काय रे बी.कॉम., सगळे सत्तरचेच कसे? एकाच चक्कीचं पीठ खातेत काय?" दुसऱ्या दिवशी तो नांदेडच्या बाजारातून वजनकाटा घेऊन आला. म्हणाला, हा गाडीत ठेव आणि प्रत्येकाला उभं कर, मंत्री असो की नवरदेव. पाच वर्षे मी प्रत्येकाला उभे केले. लोक रुसले, चिडले. एक पुढारी म्हणाले, "आम्हाला काय भुसारात विकायला काढलं का?" तरी केले.

इस्लापूरला तिघे जाणार होते. नवरा, नवरी, नवऱ्याचे मामा. तिघांची वजने सकाळी घेतली होती. निघण्याच्या वेळी मुलीकडच्या बायका म्हणाल्या, पाठराखीण नसताना पोर सासरी पाठवायची कशी? पहिल्यांदा सासरी जाणाऱ्या मुलीसोबत तिच्या माहेरची एक बाई जाते, हे आपणास ठाऊक आहे. रीत मोडू नये. मुलीच्या आत्या पुढे झाल्या. चांगल्या धिप्पाड बाई. मांडीवर शिदोरीची टोपली, पितळी डब्यांनी भरलेली.

वजनकाटा माझ्या गाडीत होता. गाडी पन्नास पावलांवर होती. अडीच वाजले होते. समोर व्याही, विहिणी, दोनशे माणसे. त्या बाईंना सर्वांसमोर काट्यावर उभे राहा म्हणणे माझ्याने झाले नाही. मी आत्यांच्या नावापुढे साठ लिहिले. टोपली लिहिलीच नाही.

पंखा सुरू झाला होता. आवाजात बोलणे ऐकू येत नव्हते. हणमंतने काचेतून माझ्याकडे पाहिले आणि तळहात खालीवर केला, तराजूसारखा. मोजलंस का, असे त्याने विचारले.

मी अंगठा दाखवला.

त्याने मान हलवली आणि मशीन उचलले.

ते वजनामुळे पडले, मॅटमुळे पडले की आणखी कशाने, हे मी सांगू शकत नाही. मी तंत्रज्ञ नाही. कदाचित हणमंतचाही अंदाज चुकला असेल. पण अंदाज ज्या आकड्यावर बांधायचा तो आकडा मी दिला होता, आणि तो खोटा होता. हणमंत मला ओळखत होता म्हणून त्याने पुन्हा विचारले नाही.

आई, तुम्ही विचारले होते. तुमच्या हणमंताने त्या दिवशी जे विचारायला हवे होते ते विचारले. चुकीचे उत्तर मी दिले. एवढे मला नक्की ठाऊक आहे. यापुढे आपल्या दारात मला येऊ द्यायचे की नाही, हे तुम्ही आणि सुनंदावहिनींनी ठरवावे. तुम्ही ठरवाल ते मला मान्य असेल.

मूळ यादी माझ्याकडे आहे. ती मी नीट केलेली नाही, करणारही नाही. उद्या सकाळी ती आणि या मनोगताची सही केलेली प्रत चौकशी अधिकाऱ्यांकडे देणार आहे. एक प्रत वहिनींना आत्ता देतो. ज्यांना त्या मॅटबद्दल काही ठाऊक असेल, चौथ्या दिवसाच्या कागदाबद्दल काही ठाऊक असेल, त्यांनी उद्या सकाळी दहा वाजता माझ्यासोबत यावे. कोणी आले नाही तरी मी जाईन. माझा संशय संपलेला नाही. त्यात पहिले नाव माझे आहे, एवढेच.

आता आपण सर्वांनी उभे राहावे आणि कॅप्टन हणमंत बिरादार यांच्यासाठी दोन मिनिटे शांत राहावे. माझी हात जोडून विनंती आहे, ही शांतता दोनच मिनिटांची असू द्यावी.

अरविंद गंगाधर कोटगिरवार
देगलूर
अपघातानंतरचा सोळावा दिवस