काळ्या टोपीवाल्या काकांचं जेवण

—तिथं नाही काका, बूट उंबऱ्याच्या अलीकडे काढा, आई घरात बूट खपवून घेत नाही, मग येणारा कोणी का असेना. हां, असं. टोपी राहू दे, ती तुमच्या गणवेशातलीच असेल — काळी टोपी, काळा झगा, आणि तोंड मात्र पिठात बुडवल्यासारखं. ओळखलं मी तुम्हाला, सांगू नका. इथून शनीच्या कड्यांपर्यंत दुसरं एक यान नाही, आणि आमच्या बाहेरच्या दारावर टकटक होते, तीही भर दुपारी जेवणाच्या वेळेला — मग कोण असणार? योम्रा राजाचा माणूस, मेलेल्यांच्या मुलखातला. घाबरले का मी? मुळीच नाही. म्हणजे, थोडीशी. पण दार उघडलं ना? न उघडताही तुम्ही आत आलाच असता, त्यापेक्षा पाहुणे म्हणून आलेले बरे. बसा.

हे घ्या, तीन वाट्या भात. तुम्ही एकटेच आलात ते दिसतंय मला, पण एरवी तुम्ही तिघे येता म्हणून पद्धत तीन वाट्यांची आहे, कमी ठेवून कसं चालेल. आणि तीन जोडी गवताच्या चपला — वाटेत तुमच्या झिजतात म्हणून ठेवतात ना? इथं गवत कुठून आणू मी? बाबांचे लोहचुंबकाचे बूट ठेवलेत, बाहेर यानाच्या पाठीवर चालायला घालतात ते, जड आहेत पण घसरणार नाही. मुळ्याचं किमची, आमचं लोणचं ते, तिखट आहे, आजीने घातलंय. चमचा असा उभा खुपसू नका हो भातात, तसं फक्त मेलेल्यांच्या ताटात करतात — बरं, राहू दे, तुमची सवय तुमच्यापाशी. सावकाश जेवा. अगदी सावकाश. घाई कसली आहे? मला तर मुळीच नाही, आई-बाबा यायला अजून दोन तास आहेत.

कुठे गेलेत म्हणजे? कुत्र्यामागे. अंधारदेशाचा राजा आगीचे कुत्रे सोडतो ते तुम्हाला मी सांगायला हवं का — सूर्य तोंडात धरून आणा म्हणतो, सूर्याचा चटका बसला की ते परत फिरतात, आणि मग राग काढतात आमच्यासारख्यांच्या आरशांवर. आमच्या यानाच्या पाठीवर मोठ्ठा आरसा होता, इतक्या लांबचं ऊन गोळा करून तो आत ऊब द्यायचा. चार दिवसांपूर्वी कुत्र्याने त्याचा अर्धा भाग तोडून नेला. मी पाहिलं खिडकीतून — डोळे एवढे लाल, आणि आवाज काहीच नाही, तोंड हलतंय आणि आवाज नाही. तेव्हापासून ही थंडी. तुम्हाला वाजत नसेल. आई-बाबा यानाची छोटी होडी घेऊन तो तुकडा सोडवायला गेलेत, सापडला आहे म्हणून सकाळीच कळवलं त्यांनी. तुकडा बसला की ऊब येईल, ऊब आली की ताप उतरेल, झालं. मग तुम्हाला इथं कामच उरणार नाही.

ताप कुणाला म्हणजे? — बघा, जेवताना फार बोलू नये. आता आलाच आहात तर लपवून काय करू, खोकला ऐकू येतोय तुम्हाला. माझा भाऊ. एक वर्षाचा पण नाही. आजी तीन दिवस त्याला मांडीवर घेऊन बसली होती, आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय, मी म्हटलं तू झोप, मी आहे ना. नाव? गेत्तोंग. लिहा की, घाबरताय काय — गेत्तोंग, म्हणजे कुत्र्याची शी. हसलात ना? मोठे लोक मुद्दाम ठेवतात असं नाव, तुमच्यासारख्यांना किळस यावी म्हणून. खरं नाव वेगळंच असतं आणि ते मोठ्याने कोणी घेत नाही. आणि खरं नाव वहीत असल्याशिवाय तुम्हाला हाक मारता येत नाही, हो की नाही? तुमच्या वहीत त्याच्या जागी कोरं आहे, मी मघाशीच वाकून पाहिलं. म्हणून तर तुम्ही भात खात बसलात, नाहीतर सरळ आत गेला असता. मला काय कळत नाही? सगळं कळतं.

माझं नाव विचारा हवं तर, मी अकरा वर्षांची आहे, माझं लपवायचं वय कधीच गेलं. सोलहा. बर्फाची नदी. मंगळावर माझी चुलत बहीण आहे ती गुमहा, सोन्याची नदी. आमच्याकडे एका पिढीच्या सगळ्या मुलांना अर्धं नाव सारखं असतं, आमच्या पिढीला 'हा' आलं, म्हणजे नदी — अर्धं ठरलेलंच, उरलेलं अर्धं आजोबा निवडायचे. बाळ कुठली नदी ते काही मी सांगणार नाही. इतकी खुळी वाटले का? आणखी सूप घ्या. घ्या हो, निवतंय.

काय म्हणालात? आजोबांना तुम्हीच नेलंत? वसंतात? — खरंच तुम्हीच? मला वाटलं तुम्ही पुष्कळ जण असाल. कसे आहेत ते? गुडघे दुखतात का अजून? तिकडे नदी आहे का हो, खरी, वाहती? लहानपणी ते नदीकाठी राहायचे, पृथ्वीवर. इथं आम्हाला कोणालाच माहीत नाही नदी कशी असते, ते सांगायचे तेवढंच. मला फार आठवण येते त्यांची. जाताना मी नव्हते त्यांच्याजवळ, मला शेजारच्या खोलीत पाठवलं होतं, त्याचा मला अजून राग येतो. काही म्हणतात का ते? माझ्याबद्दल? — बाळाबद्दल विचारतात? रोज? बाळ कसं आहे म्हणतात? अहो मग सांगा ना त्यांना, दोन दात आलेत म्हणावं, भिंत धरून उभं राहतं म्हणावं, तुमची निळी नदी आता—

काय लिहिताय?

नाही. ते मी नाही म्हणाले. मी पाण्याबद्दल बोलत होते, पाणी निळं असतं असं — खोडा ते. काका, खोडा. आजोबांचं नाव घेऊन तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत, लाज वाटत नाही? त्यांनी काहीच विचारलं नव्हतं ना? बोला ना. — बसा खाली. त्या खोलीकडे जायचं नाही. तो लहान आहे हो, त्याला ओ द्यायला पण येत नाही, आजी कानात हळूच ते नाव घेते तेव्हा नुसतं हसतो. आणि तुम्ही त्या हसण्यालाच ओ धराल, मला ठाऊक आहे.

थांबा. वही दाखवा. दाखवा म्हणते ना. चोंगहा, निळी नदी. एवढंच लिहिलंय. मुलगा की मुलगी, ते नाही. वय नाही. आणि नियम काय आहे तुमचा? तीनदा पुकारायचं, आणि तिसऱ्या हाकेला जो ओ देईल त्याला न्यायचं. कोणी ओ द्यायची ते कुठे लिहिलंय? मघाशी मी माझं नाव काय सांगितलं ते वहीत आहे का? नाही ना. मग ते मी सांगितलंच नाही, चोंगहा मीच. इथं उभे राहा, माझ्यासमोर. माझ्याकडे बघून पुकारा. आणि हळू, आजी उठेल.

ओ.

वही का मिटताय? उघडा, मी इथंच उभी आहे. दुसऱ्यांदा पुकारा.

ओ.

एक मिनिट. भात उरलाय तो झाकून ठेवते, आई-बाबा भुकेले येतील. बाळाला बघून — नको. त्याला बघितलं तर माझा पाय निघायचा नाही. बाबांचे ते बूट मीच घालते, मला मोठे होतील पण चालेल. हं. पुकारा आता.

ओ.