दोन ओळींमधली जागा

वहिनी: हळू बोल, वन्सं. ग्रंथालय आहे.

नणंद: ग्रंथालयात नोकरी मी करते, वहिनी. 'हळू बोला' हे माझं वाक्य आहे. आणि पिशवीत तोंड घालून काय पुटपुटताय? काय हवंय?

वहिनी: गिटारचं पुस्तक.

नणंद: अठरा वर्षं दादाच्या गाण्यामागे गिटार वाजवताय. आता पुस्तक?

वहिनी: वाजवते कुठे? कॉर्ड धरते. ए मायनर, एफ, सी, जी. फिरून ए मायनर. आमचे बुवा एक ओळ म्हणतात, मग श्वास घेतात, पाणी पितात, लोकांकडे बघून हसतात. तेवढा वेळ माझं आपलं खर्र खर्र. मला त्या जागेत काहीतरी वाजवायचंय. चार-पाच सूर. टुणटुण करत जायचं आणि पुढच्या कॉर्डवर अलगद उतरायचं.

नणंद: त्याला लिक म्हणतात.

वहिनी: लीक? नळ होतो तसा?

नणंद: तस्साच. फट सापडली की सूर पाझरतो.

वहिनी: मग आमच्याकडचा वॉशर फारच घट्ट आहे.

नणंद: शू! तो पेपर वाचणारा माणूस बघतोय. इंटरनेटवर शोधलंत का?

वहिनी: शोधलं. एक केसाळ मुलगा नऊ मिनिटं नुसतं 'नमस्कार मित्रांनो' करतो, मग अर्ध्या मिनिटात दोनशे सूर ओततो आणि विचारतो, सोप्पं आहे ना? दुसऱ्याने सहा रेघा आखून त्यावर आकडे मांडले. मला वाटलं, कुणाचा तरी फोन नंबर आहे.

नणंद: रेघा म्हणजे तारा. आकडा म्हणजे कितव्या घरात बोट ठेवायचं. थांबा, कला विभाग, खालचा कप्पा... हे घ्या. बरोबरची सीडी कुणीतरी ढापली आहे, पण पुस्तक नामी आहे. प्रत्येक कॉर्डसाठी तीन लिक, आणि खाली मुक्कामाचा सूर.

वहिनी: मुक्कामाचा?

नणंद: मधे कुठेही भटका. कॉर्ड बदलली की त्या कॉर्डमधल्या एखाद्या सुरावर घरी यायचं.

वहिनी: हे पुस्तक नवऱ्यांच्या विभागात ठेव.

नणंद: आणि एका आजोबांचा पत्ता देते, इंटरनेटवरचा. गुडघ्यावर पांघरूण घेऊन बसतात. दिवसाला एकच लिक शिकवतात, तेही तीनदा, हळूहळू. सीडीचं म्हणाल तर स्वतःच्याच कॉर्ड फोनवर रेकॉर्ड करा, लावून ठेवा आणि त्यावर वाजवा.

वहिनी: म्हणजे माझ्यामागे मीच खर्र खर्र? चालेल. बुवांना मात्र सांगायचं नाही.

नणंद: दादा रागावेल?

वहिनी: रागावतील कशाला! शिकवायला बसतील. स्वतःला येत नसलं तरी.

नणंद: मग वाजवणार कुठे?

वहिनी: गच्चीवरच्या खोलीत, टाकीशेजारी. सकाळी. तेव्हा ते दाढी करत असतात.

\* \* \*

बुवा: काय गं, तुझ्याकडे पुस्तकं न्यायला येतो का तो? आमच्या वरचा नवा भाडेकरू?

नणंद: दादा, हळू. कुठला भाडेकरू?

बुवा: गिटारवाला! महिना झाला, रोज सकाळी वाजवतो. आमच्या न्हाणीघरात तो झरोका आहे ना, थेट वरपर्यंत जातो बघ, त्यातून ऐकू येतं. खरं म्हणजे दोघं आहेत. एक नुसता कॉर्ड धरतो. तो सुमार. आपल्या हिच्यासारखाच. पण दुसरा! अहाहा! खोकायला काय झालं तुला?

नणंद: धूळ आहे. पुस्तकांची. पुढे सांग.

बुवा: परवा दाढी करता करता मी सहज एक ओळ म्हटली. थांबलो. तर वरून उत्तर! पाच सूर, आणि येऊन टेकला कुठे, तर माझ्या शेवटच्या सुरावर. दुसरी ओळ म्हटली. पुन्हा उत्तर. अर्धा तास चाललं आमचं. इकडे एका गालावरचा फेस वाळला, तिकडे माझ्या चष्म्याच्या दुकानाबाहेर गिऱ्हाइकं ताटकळली. अठरा वर्षांत मला असं कुणी ऐकलेलं नाही.

नणंद: मग जाऊन भेट की.

बुवा: गेलो होतो. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे फक्त मांजर आहे. म्हणजे माणूस लाजाळू आहे. दार उघडायला दुसऱ्याला पाठवतो. म्हणून ही चिठ्ठी. शनिवारी तुमच्या ग्रंथालयाच्या हॉलमध्ये माझं गाणं आहे, त्याला साथीला बोलावलंय. तू पोचव. सगळ्या इमारतीची नावं तुझ्या रजिस्टरात असतात.

नणंद: आणि वहिनी?

बुवा: बसेल की पहिल्या रांगेत. तेवढीच विश्रांती.

नणंद: त्यांना विचारलंस?

बुवा: विचारायचं काय? समजूतदार आहे ती. तसं चिठ्ठीतसुद्धा लिहिलंय मी.

\* \* \*

नणंद: आधी माझ्या दंडातली सुई काढा, वहिनी. मग वाचा. लक्ष सगळं दादाच्या चिठ्ठीत आहे तुमचं.

वहिनी: बारा वर्षं लॅबमध्ये रक्त काढतेय. न बघताही जमतं मला. झालं, धर कापूस. कोपर दुमड. हं, काय लिहितात बुवा? 'आपल्या बोटांत जादू आहे.' अगं बाई! लग्नाआधीच्या पत्रांत पावसापाण्याची चौकशी असायची फक्त. 'आपण वाजवता तेव्हा मला माझेच गाणे नव्याने कळते.' वन्सं, हे मी घरी नेणार.

नणंद: पुढचं वाचू नका.

वहिनी: 'माझी नेहमीची साथीदार अगदीच साधी आहे. पण समजूतदार आहे. ती काही म्हणणार नाही.'

नणंद: दादा गाढव आहे.

वहिनी: कापूस नीट दाबून धर, रक्त येतंय.

नणंद: वहिनी, सरळ सांगून टाकू का त्याला?

वहिनी: नको. पत्र मला आलंय. उत्तर मीच देईन.

\* \* \*

बुवा: अहो वरचे! आज एवढ्यावरच थांबलात? चिठ्ठी मिळाली का?

वहिनी: मिळाली.

बुवा: अगं, तू न्हाणीघराच्या दाराशी उभी आहेस का? मी जरा महत्त्वाचं बोलतोय.

वहिनी: दाराशी नाही. वर.

बुवा: गच्चीवर? झकास! कपडे राहू देत, आधी बघ, तो गिटारवाला कुठे बसलाय?

वहिनी: टाकीशेजारी, मोडक्या खुर्चीवर. हिरवा गाऊन घातलाय.

बुवा: हिरवा गाऊन तर तुझा आहे.

वहिनी: हो.

बुवा: म्हणजे... थांब. थांब हं. आणि तो दुसरा? कॉर्डवाला?

वहिनी: सुमार? तीही मीच. फोनमधली.

बुवा: नळ चालू राहिला वाटतं. बंद करतो.

वहिनी: करा.

बुवा: अगं, ती चिठ्ठी परत मिळेल का?

वहिनी: नाही. कपाटात ठेवलीय. छान लिहिलीय. शेवटची ओळ तेवढी चुकलीय.

बुवा: कुठली?

वहिनी: ती काही म्हणणार नाही, ही. ती म्हणतेय. पहिल्या रांगेत बसायचं नाही, म्हणतेय.

बुवा: मी कुठे... अगं, मला काय माहीत, की तू... मग शनिवारी वाजव ना तूच. ते उत्तरांचं.

वहिनी: वाजवेन. पण मग कॉर्ड कोण धरणार?

बुवा: फोन लाव की.

वहिनी: फोन तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही तिसऱ्या ओळीला हमखास रेंगाळता. मी थांबते, म्हणून कळत नाही.

बुवा: रेंगाळतो मी?

वहिनी: लॅबमधल्या एकीची गिटार आणून ठेवलीय. चारच कॉर्ड आहेत, एफ मी सोपा करून देते. अजून पाच दिवस आहेत. वर या.

बुवा: तोंडाला फेस आहे माझ्या.

वहिनी: पुसून या.

\* \* \*

बुवा: हे बोट इथे?

वहिनी: एक घर मागे. आता दाबा. अजून. नाहीतर तार भणभणते.

बुवा: हं, आला! ए मायनर आला! ऐकलंस?

वहिनी: ऐकलं. आता एफ. सोडू नका, सरकवा.

बुवा: आई गं! तार रुततेय बोटात.

वहिनी: रुतते.

बुवा: अठरा वर्षं रुततेय? बोलली नाहीस कधी.

वहिनी: तुम्ही गात होतात.