यागोदाचं जावळ

जेलिसावा : आई, तिची टोपी काढा आधी.

मिलुंका : डोळा लागलाय गं पोरीचा. असू दे.

जेलिसावा : मे महिन्यात लोकरीची टोपी? घामाने भिजलीय माझी यागोदा. द्या इकडे.

(टोपी निघते.)

जेलिसावा : केस कुठे आहेत हिचे?

मिलुंका : पेर्साच्या सलूनमध्ये. जमिनीवर.

जेलिसावा : तुम्ही नुसते धुऊन-विंचरून आणणार होतात. उद्या चारचौघांत नीट दिसावी म्हणून.

मिलुंका : तेच सांगितलं होतं. पेर्सा म्हणाली, मानेवरची लव तेवढी मशीनने काढते, जावळाला हात लावत नाही. पोर दचकली आणि मशीन थेट टाळूपर्यंत गेलं. डोक्यात मधोमध पायवाट पडली.

जेलिसावा : मग पायवाट ठेवायची होती. दोन्ही बाजूंचं तर शिल्लक होतं ना?

मिलुंका : पेर्सा रडायला लागली. म्हणाली, हे असं कसं ठेवायचं, सगळं सारखं करते.

जेलिसावा : आई, उद्या रादोसाव कात्री घेऊन येणार. दोन्ही घरची माणसं जमणार. कापणार काय तो? पहिलं जावळ उतरवतो तो कुम, रक्ताच्या नात्यासारखा, आणि कुमाशी वैर धरता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला. नऊ वर्षांनी कुठे समेटाला तुमच्या तोंडून हो आलं. आता त्याच्या घरचे म्हणतील, म्हातारीने मुद्दाम केलं.

मिलुंका : म्हणू देत.

जेलिसावा : केलंत का मुद्दाम?

मिलुंका : पायवाट पडली ती पेर्साच्या हातून.

जेलिसावा : आणि पुढचं?

मिलुंका : तिने हात थांबवून मला विचारलं, उरलेलं काढू की ठेवू? ठेव म्हणायला तोंड उघडलंच नाही माझं.

जेलिसावा : देवा. फाटक वाजलं, तोच आलाय. पोरीला ताप आहे म्हणून सांगते.

मिलुंका : खोटं बोलू नकोस. मी बोलते त्याच्याशी.

रादोसाव : काकू, आत येत नाही. उद्या आमच्याकडची किती माणसं आणू तेवढं विचारायला आलो... पोरीला काय झालं?

मिलुंका : उद्या तुझ्या कात्रीला काम नाही, रादोसाव. थोडे केस पेर्साच्या चुकीने गेले. बाकीचे मी जाऊ दिले. तू माझ्या घरात बसशील, माझ्या हातच्या राकियाचा पेला घेशील, लोक तुला कुम म्हणतील, आणि माझा थोरला मुलगा नोवित्सा तुझ्या ट्रकखाली गेलेला. ऐन वेळी सोसवलं नाही मला.

जेलिसावा : रादोसाव, त्यांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. बसा.

रादोसाव : बोलू द्या त्यांना. काकू, ब्रेक निकामी होते म्हणून कोर्टाने सोडलं मला. तेव्हापासून, जिथे ते घडलं त्या वळणावरून मी गाडी नेलेली नाही. जंगलाकडून फिरून जातो, पाऊण तास जास्त लागतो.

मिलुंका : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रादोसाव : सांगायला दार कुठे उघडं होतं? असो. सलूनमध्ये घोटाळा झाला, एवढंच सांगतो घरी.

मिलुंका : माझं नाव सांग.

रादोसाव : नाही सांगणार.

जेलिसावा : पण पहिलं जावळ तर गेलंच ना हातचं.

रादोसाव : पहिलं गेलं तर दुसरं. मला चालेल, काकूंना चालत असेल तर. केस वाढायला किती दिवस लागतात?

मिलुंका : महिन्याला अर्धं बोट. तेही धड नाही.

रादोसाव : मग महिन्याने येऊन बघतो.

मिलुंका : महिन्याने काही दिसणार नाही. तरी ये.